हळदीकुंकवाची पुडी

आईच्या आजारपणात ऑफिसातलं माझं काम महिनाभर मालतीबाईंनी सांभाळलं, म्हणून त्यांच्यासाठी साडी घ्यायला गेले होते. मोरपंखी रंगाची एक आवडली. दुकानदाराने घडी घालता घालता सवयीने विचारलं, "सोबत हळदीकुंकवाची पुडी ठेवू ना?"

मी हो म्हणणारच होते, तेवढ्यात आठवलं. मालतीबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली.

दर संक्रांतीला आम्ही बाकीच्या जणी नटूनथटून वरच्या मजल्यावर हळदीकुंकवाला जायचो. त्या खाली टेबलाशी बसून म्हणायच्या, "तुम्ही जा गं, फोन मी घेते." परत आल्यावर त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून मी म्हणायचे, "बाई, तुम्ही आहात म्हणून आम्हाला जाता येतं." त्या हसायच्या. ते हसू मी आज पहिल्यांदा नीट पाहत होते.

पुडी ठेवली तर त्यांना काय वाटेल, नाही ठेवली तर काय, मला सांगता येईना. त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

दुकानदार पुडी हातात धरून थांबला होता. इतक्यात मागे कुठेतरी फोन वाजला. मी दचकून वळले. वाटलं, तो घ्यायला त्याच बसल्या असतील.