व्हिएतनामची रेघ

कल्याणच्या कॉलेजात बारावीला अर्थशास्त्र शिकवताना मी फळ्यावर चार देशांच्या वाढीच्या रेघा काढते. रंगीत खडू घरून नेते, कारण ऑफिसात मागितले की हेडक्लार्क असा बघतो, जसं काही मी त्याच्या बायकोचं मंगळसूत्रच मागितलंय. ब्राझील आधी सगळ्यांच्या पुढे, मग ठेचकाळलेला. बांगलादेश कित्येक वर्षं तळाशी, मग हळूहळू चढणारा. आपण मध्ये. आणि व्हिएतनाम, आपल्या खालून निघून आपल्याला मागे टाकून गेलेला. मुलं विचारायची, "मॅडम, यांनी असं काय केलं?" मी ऐटीत सांगायचे: कारखाने बोलावले, माल बाहेर विकला. मला ती रेघ फार आवडायची, खोटं कशाला बोलू.

नवरा डोंबिवलीच्या एमआयडीसीत, शर्टाची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात, मशीन दुरुस्तीला. बावीस वर्षं. एक दिवस आला तो चपला न काढताच बसला. मालकाने सगळ्या मशिनी विकलेल्या, कारखाना बंद. "कुणाला विकल्या?" तर म्हणे व्हिएतनामला. शर्ट तिकडे शिवतात, मग बटणं इकडे कशाला?

माझ्या तोंडून निघून गेलं, "बरोबर आहे." अगं बाई! जीभ कशी झडली नाही माझी.

त्यात मालकाने याला शेवटचं काम दिलं: प्रत्येक मशीनच्या खोडी लिहून द्यायच्या. याचं इंग्रजी यथातथाच, म्हणजे लिहिणार मी. तीन नंबरची दमट हवेत अडते. सात नंबरचा साचा तापायला वेळ घेतो, घाई केली की बटणाला तडा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथे तर तो दांडा आम्ही नवरा-बायको मिळून तासत होतो! चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एखादी खोड गाळ ना रे. बसू देत शोधत."

एवढं चिडलेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं. "मशीन बिघडेल ना! तिचा काय गुन्हा?"

लिहिलं मग सगळं.

मशिनी गेल्या, नोकरी गेली. या वयात दुसरीकडे कोण घेणार? आणि मग तिकडून फोन यायला लागले. तिथला इंजिनिअर व्हिडिओवर मशीन दाखवायचा, हा इथून हातवारे करून "स्लो, स्लो" म्हणायचा. ज्या दिवशी फोन, त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जायच्या. मी आतल्या आत धुमसायचे, पण त्याचं तोंड बघून बोलता यायचं नाही.

यंदा तो धडा पुन्हा आला. एका मुलीने तोच प्रश्न विचारला. मी तेच उत्तर दिलं. त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं, आणि मला रडू येत होतं.

फोन आधी दिवसाआड यायचे, मग आठवड्याने. आता दीड महिना झाला, एकही नाही. आंघोळीला जातानाही हा फोन माझ्या हातात देतो, "वाजला तर उचल." काल मला राहवेना. म्हटलं, "अरे, विसरले ते तुला."

"विसरले नाहीत गं," तो म्हणाला. "आपण लिहून दिलंय ना, त्यात भागतंय त्यांचं."