गप्प बसणारी साखळी

आमच्या भावोजींना ऑफिसात सगळे 'कंसवाले' म्हणतात. त्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एका फंक्शनच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं, आणि शेवटी मोजून सात कंस बंद करायचे. भावोजींनी त्यावर मॅक्रो, म्हणजे कोड आपोआप मांडून देणारी एक युक्ती, काढला: पायऱ्या एकाखाली एक लिहा, आधीचं उत्तर पुढच्या पायरीत आपोआप शिरेल. ते पहिल्या जागी शिरावं की शेवटच्या, यावर त्यांनी सात महिने डोकं खपवलं. त्या काळात ताईने घर बदललं. हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं असं मी म्हणतो. ताई म्हणते, दुसऱ्या.

मग त्यांनी दुसरा, लाडका मॅक्रो काढला. मधल्या एखाद्या पायरीतून काहीच आलं नाही, तर पायऱ्यांची साखळी तिथेच गुपचूप थांबणार. मीटिंगमध्ये टेस्टिंगच्या बाईंनी विचारलं, "पण कुठे थांबली, हे कळणार कसं?"

"कळायला कशाला हवं?" भावोजी म्हणाले. "उगाच बोंबाबोंब नको. तेच तर त्याचं सौंदर्य आहे!"

टाळ्या पडल्या. बाई वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.

वर्षभराने भाचीने आर्किटेक्चरच्या कॉलेजात अर्ज केला. तिथलं प्रवेशाचं सॉफ्टवेअर भावोजींच्याच ऑफिसचं, आत त्यांचाच लाडका मॅक्रो. फॉर्मही हौसेने त्यांनीच भरला. घरच्या फोनचा रकाना रिकामा सोडला, कारण घरी लँडलाइन नाही, आणि जे नाही ते लिहायचं नाही, यात माणूस कर्मठ.

यादी लागली. भाचीचं नाव निवडलेल्यांत नव्हतं, प्रतीक्षेत नव्हतं, नाकारलेल्यांतसुद्धा नव्हतं. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "असा अर्ज आमच्याकडे आलाच नाही."

"बाबा, कुठे अडकला ते तरी कळेल?" प्रवेशासाठी दोन वर्षं राबलेली पोरगी विचारत होती.

"नाही," भावोजी म्हणाले. "मीच तशी सोय ठेवली नाही."

दोन दिवस एकेक पायरी हाताने उघडून त्यांनी साखळी अडवणारा तो फोनचा रिकामा रकाना शोधला. तोवर जागा भरल्या होत्या. पोरीचं वर्ष गेलं. मला त्यांची कीव आली आणि रागही. खरं सांगायचं तर राग जास्त.

भावोजींनी बाईंची माफी मागितली. आता मॅक्रो थांबला की कुठे थांबला ते ओरडून सांगतो, आणि ऑफिसातले कटकट करतात.

भाची मात्र त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. जेवताना ती मध्येच गप्प झाली की भावोजी घास हातात धरून विचारतात, "कुठे अडकलं गं?"

ती म्हणते, "काही नाही."