साडभाऊंचा भाताचा डोंगर

नागपुरात डोंगर नाही, पण डोंगरावर जीव टाकणारा माणूस आहे आणि तो माझा साडभाऊ आहे, हे मी आजकाल कोणी न विचारताही सांगतो. सीताबर्डीच्या टेकडीला उंची म्हणणाऱ्या या गावात जन्मून त्यांनी भूगर्भ खात्यातली सगळी नोकरी हिमालयात दरडींच्या मागे हिंडण्यात काढली. ते निवृत्त झाले, दरडी झाल्या नाहीत. पंगतीत बसले की ते भाताची मूद मोडून ताटात आडवा डोंगर रचतात, त्यामागे वरण ओततात आणि शेजाऱ्याचा हात धरून ठेवतात. "नदीनं दरी कोरली म्हणते लोकं. अर्धंच खरं आहे गा. मधातच अख्खा कडा खचते, नदीवर येऊन बसते. मागं तळं, तळ्यात गाळ. त्याच गाळावर माणूस धान पेरते अन् म्हणते, देवानं सपाट जागा देली." मग बोटाने भातात खाच पाडून वरणाची नदी सोडतात. गांधीबागेतल्या एका लग्नात ती नदी वरबापाच्या पांढऱ्याशुभ्र पॅन्टवर गेली. "याइले पंगतीत नका बसवू, बुफेत उभं करा," असं त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी ताई, तेव्हापासून यजमानांना आधीच सांगून ठेवते. हसणाऱ्यांत मी पहिला असायचो, कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नातेवाईक मिळून पहाडात फिरायला गेलो. मुक्काम नदीकाठी. रात्रभर कानाशी गर्जणारी नदी सकाळी एकाएकी गप्प झाली. पात्रात गोटेच गोटे. माझी बायको आणि ताई खूश होऊन पार मधल्या खडकावर फोटो काढायला जाऊन बसल्या. "बरं झालं, पाणी आटलं," मी म्हणालो.

साडभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "आटलं नाही गा. अडलं आहे."

एवढंच बोलून ते गुडघेदुखी विसरून पात्राकडे धावले. ताईशी कधी चढ्या आवाजात न बोललेला हा माणूस ओरडला, "वर ये वं! दोघीही या, चपला राहू द्या!" पोहे अर्धवट टाकून त्यांनी सगळ्यांना, मुक्कामाच्या घरमालकालासुद्धा, वरच्या सडकेवर चढवलं. तासभर आम्ही उपाशीपोटी त्यांच्या नावाने खडे फोडले. मग वरच्या अंगाने गडगडाट आला आणि मातकट पाण्याचा लोंढा मधल्या खडकासकट पात्र घेऊन गेला. बायकोने माझा दंड घट्ट धरला होता. साडभाऊ मात्र डोळे पुसत पाहत होते. "आता पाहा, नदी नवी वाट काढून राहिली. जन्मभर दरडी पाहिल्या, हे कधी पाह्यलं नव्हतं."

ती नवी वाट पाहायला पुन्हा जायचं ते म्हणत राहतात. गुडघे आता जिन्यालाही नाही म्हणतात, वर साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी नुकताच भात बंद केला. परवा कामठीच्या एका लग्नात पंगतीत शेजारी बसलो; भातच नाही म्हणून ताईनेही हरकत घेतली नव्हती. त्यांच्या ताटात पोळी आणि वाटीत वरण होतं, आणि ते मुकाट्याने जेवत होते. मला ते बघवेना. मी माझी मूद उचलून त्यांच्या ताटात ठेवली.

"मले चालत नाही गा."

"खायचा नाही," मी म्हणालो, "नुसता डोंगर करा."