लेकीच्या घरी हातानं घेऊन

आईच्या छातीतली गाठ साधी नाही हे कळलं त्या दिवशी मी रडले नाही, चिडले. ती गाठ तिनं किती महिने लपवून ठेवली होती कोण जाणे. विचारलं तर म्हणाली, "दुखत न्हवती, मग कशाला सांगू?" भूम तालुक्यातल्या आमच्या गावी ती एकटीच राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, मी एकुलती एक, जमीन बटईनं दिलेली. न दुखणारी गोष्ट सांगायला तिच्याजवळ माणूसही नव्हतं, हे मला फार नंतर सुचलं. माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो, त्यामुळे बाकीच्या भावनांना आत यायला वेळ लागतो.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आधी सलाईनमधून औषधाचे डोस, मग ऑपरेशन. पण आई इतकी वाळली होती की डोस सुरू करायला ते तयार नव्हते. वजन कमी, अंगात रक्त कमी. "औषध जोरकस असतं. अंगात काही असल्याशिवाय यांना सोसणार नाही," ते म्हणाले. "दोन-तीन आठवडे चांगलं खाऊ घाला. वजन थोडं वर आलं की लगेच सुरू करू. मात्र फार थांबता येणार नाही." दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी समजावलं की एका वेळी भरपूर नको, दर दोन तासांनी थोडं थोडं द्या. डाळी, अंडी, दूध, शेंगदाणे, आणि तिखट अगदी बेतानं. म्हणजे पहिलं औषध आता माझ्याच स्वयंपाकघरात तयार व्हायचं होतं.

मी तिला कळंबला माझ्या घरी घेऊन आले. मी इथल्या शाळेत शिकवते. नवरा मोंढ्यात एका अडत दुकानात हिशेब बघतो. मुलगी शिकायला लातूरला. दुपारी नवरा जेवण्यापुरता येतो, बाकी दिवसभर घरात कुणी नसतं, म्हणून मी ठरवलं की आठवड्याचं सगळं रविवारीच करून ठेवायचं.

त्या रविवारी घरात लग्नाचा स्वयंपाक असावा असा पसारा होता. ज्वारी भरडून कण्या केल्या. मुगाची डाळ आणि तांदूळ वेगवेगळे भाजून ठेवले, म्हणजे खिचडी लवकर शिजते. शेंगदाणे भाजून, सोलून, गुळात लाडू वळले. खारकांची पूड केली. मटकीला मोड आणले. हुलग्याचं पीठ भाजलं, माडगं म्हणजे त्याची पातळ पेज करायला. भूमकडून येणारा खवा नवऱ्यानं आणला, तो लापशीत घातला. काळ्या तिखटाची बरणी उचलून माळ्यावर ठेवली, तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "ती कशाला वर टाकलीस? त्यानं काय पाप केलं?"

"तुला चालत नाही."

"मला चालत न्हाय म्हणून घरानं अळणी खावं व्हय?"

संध्याकाळी मी सगळे डबे फ्रीजमध्ये लावले. वरच्या कप्प्यातलं सकाळी, मधल्यातलं दुपारी, खालचं शाळेतून मी येईपर्यंत. आई खाटेवर बसून बघत होती. "एवढं कोण खाणार?" तिनं विचारलं. तू, म्हटलं. "मी काय म्हैस हाय?" ती म्हणाली आणि हसली. मला वाटलं, झालं, आता आपण जिंकलो.

सोमवारी घरी आले तर डबे जसेच्या तसे. झाकणसुद्धा हललेलं नव्हतं. "भूकच न्हाय लागली, माय," आई म्हणाली. रात्री मी ताट वाढून दिलं ते मात्र तिनं मुकाट्यानं संपवलं. अजून घे म्हटलं तर हात आडवा केला. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मला वाटलं, चवीचं काही असेल. मी खिचडीत जिरं वाढवलं, लापशीत गूळ वाढवला, लाडू लहान वळले, शेवटी माळ्यावरची बरणी खाली काढून माडग्यात चिमूटभर काळं तिखटही टाकलं. रात्री आई खायची, दिवसा डबे तसेच.

वजन करायला गेलो तर काटा वर जायच्या ऐवजी थोडा खालीच आला होता. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "अजून एक आठवडा बघू," ते म्हणाले. "नाहीतर मग वेगळा विचार करावा लागेल." वेगळा म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

गाडीत मात्र मी तोंड सोडलं. रविवार-रविवार मी मरते, तू एक घास उचलत नाहीस, तुला माझी काही दया आहे का, असं बरंच. आई खिडकीतून बाहेर बघत होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी शाळू पोटऱ्यात आला होता. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "औंदा ज्वारी चांगली हाय."

खरी गोष्ट नवऱ्याच्या ध्यानात आली. तो दुपारी जेवायला घरी येतो. आई त्याला गरम भाकरी करून वाढायची आणि लगेच डोक्यावर पदर ओढून मागच्या खोलीत निघून जायची. जावयासमोर बसायचं नाही, जेवायचं तर नाहीच, बोलायचं ते माझ्यामार्फत, हा तिचा कायदा. एके दिवशी चष्मा घरी राहिला म्हणून तो सकाळीच परत आला. दार उघडंच होतं. आई फ्रीजसमोर उभी होती. तिनं हात पुढे केला, मुठीला लावला, मग मागे घेतला. माठातलं तांब्याभर पाणी प्यायली आणि जाऊन खाटेवर बसली. नवरा तसाच मागे फिरला आणि बाहेरूनच खाकरला, म्हणजे त्यानं काही पाहिलं हे तिला कळू नये.

संध्याकाळी तो मला म्हणाला, "मामींना भूक लागते. त्या फ्रीज उघडत न्हाईत."

"का?"

"त्यांच्या लेखी ते तुझं घर न्हाय. माझं हाय."

माझं घोडं इथं पेंड खात होतं तर. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत आई-बाप तिच्या घरचं अन्न खात नसत. माझी मुलगी झाल्यावर आई माझ्याकडं जेवायला लागली, पण पाहुणी म्हणून. पाहुणीनं पुढ्यात आलेलं खायचं, मागायचं नाही. आणि घरात कुणी नसताना जावयाचं कपाट उघडून हातानं घेऊन खायचं, ही तर आईच्या हिशेबात चोरीच. घराच्या कागदावर माझंही नाव आहे, पण ते कागदावर. मी एवढे डबे भरले, एवढी भाजाभाजी केली, आणि ते सगळं एका अशा दारामागं ठेवलं जे तिला उघडता येणार नव्हतं. ती तिथं पाण्यावर दिवस काढत होती आणि मी तिला गाडीत बोल लावत होते. त्या संध्याकाळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण हार मानणं माझ्या रक्तात नाही. नवऱ्याला गावाकडं पिटाळलं. त्यानं आईच्या घरून तिच्या रानातली ज्वारी आणली, तुरीची डाळ आणली, तिचा तवा, तिची काठवट आणली. मागच्या खोलीत मी एक शेगडी मांडून दिली. "हे घे. हे तुझं धान्य, तुझी चूल. यात जावयाचं काही नाही. आता खा." आईचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी घरी आले तर भाकरीची चवड, पिठलं, शेंगदाण्याची चटणी असा बेत तयार. शेजारच्या बाईलाही दोन भाकरी पोचल्या होत्या. "तू काय खाल्लंस?" मी विचारलं. "तुमी जेवल्याबिगर मी कशी बसू?" पालथ्या घड्यावर पाणी. मी पायरीवर जाऊन बसले आणि तेव्हा मात्र रडले. आईला काही होईल ही भीती होतीच, पण ती माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, भुकेनं खंगत जाईल हे मला सहन होत नव्हतं.

नवरा मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याची माणसं बोलतात कमी. त्यानं मला न विचारताच दुसऱ्या दिवसापासून मोंढ्यातून मधल्या वेळी दोनदा घरी यायला सुरुवात केली. गाडीवर पाच मिनिटांची वाट. यायचं, फ्रीजमधला डबा काढायचा, गरम करायचा, दोन वाट्यांत घालायचा. एक वाटी आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि दुसरी घेऊन आपण दारापुढच्या ओट्यावर, तिच्याकडं पाठ करून, गल्लीकडं तोंड करून बसायचं.

"मामी, मला एकट्याला जात न्हाय. तुम्ही तिकडं बसा, मी हिकडं. मी काय बघत न्हाय."

पहिल्या दिवशी आईनं वाटीला हात लावला नाही. त्यानंही लावला नाही. नुसता बसून राहिला. कामाला उशीर व्हायला लागला, मालकाचा फोन आला, तरी उठेना. आई मला नंतर सांगत होती, "जावई उपाशी बसल्यावर काय करू? घशाखाली लोटलं बाई कसंतरी." दुसऱ्या दिवसापासून तो यायची वेळ झाली की ती उंबऱ्याशी येऊन बसायला लागली. एका सुट्टीच्या दिवशी मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ओट्यावर तो, आत ती, मध्ये त्याची रुंद पाठ. दोघं कण्या खात होते. नवऱ्याच्या शर्टाच्या गुंड्या मात्र ताणायला लागल्या. मी चिडवलं, "औषध कुणाला आणि गुण कुणाला." आई पदराआड हसली.

पुढच्या वेळी काटा हलला. फार नाही, पण डॉक्टरांना पुरेल इतका. रक्तही थोडं वर आलं होतं. त्यांनी डोसचा दिवस ठरवून दिला. मला हायसं वाटलं, आईला मात्र धास्ती बसली. गावात तिनं हे औषध घेतलेल्या दोघी पाहिल्या होत्या. त्यातली एक राहिली नाही.

ठरल्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत रिपोर्ट आणि चादर पिशवीत भरत होते. आदल्या संध्याकाळीच मी दुधातल्या कण्या शिजवून ठेवल्या होत्या. नवऱ्यानं त्या गरम केल्या, आईला वाटी दिली आणि आपली वाटी घेऊन बाहेर निघाला. थोड्या वेळानं मला आईचा आवाज ऐकू आला. आधी मला वाटलं ती मलाच हाक मारतेय. पण ती म्हणत होती, "जावईबापू."

लग्नाला एवढी वर्षं झाली, तिनं त्याला समोरासमोर कधी हाक मारली नव्हती. मी दारात आले. आई स्वयंपाकघरात मधोमध उभी होती. पदर खांद्यावर घसरला होता आणि तिनं तो सावरला नव्हता. रिकामी वाटी तिनं त्याच्यापुढं धरली होती.

"अजून हाय का थोडं?" ती म्हणाली. "वाढा. लई भूक लागलीया. आन ते औषध सोसलं पायजे मला." मग म्हणाली, "मला जगायचंय, बापू."

नवऱ्याला पळी सापडेना. ती त्याच्या पुढ्यातच होती. शेवटी त्यानं भांडंच उचललं आणि वाटी काठोकाठ भरून दिली. आई खाली बसली आणि आम्ही दोघं बघत असताना जेवायला लागली.