मेपलची फांदी

पाचगणीचं घर विकलं. आईने लावलेलं जपानी मेपलचं झाड उपटून नेण्याएवढं लहान राहिलं नव्हतं, म्हणून मी त्याच्या एका फांदीची साल गोल काढून, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिकने गुटी बांधली.

"फांदी मोडली का गं?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"नाही, मीच सोलली."

"मग बांधलीस कशाला?"

पावसाळा सरता सरता शेवाळातून पांढरी मुळं दिसू लागली. आज ती फांदी कापून कुंडीत लावली आणि माझा गोंधळ उडाला. हिला नवं रोप म्हणावं, तर ही माझ्या लग्नाआधीची. मग आईचं झाड आम्ही नेतोय की इथेच सोडतोय?

आई कुंडी मांडीवर घेऊन गाडीत बसली. गाडी हलली तशी मागे वळून अंगणातल्या झाडाला म्हणाली, "येते हं."