शेपटीवर शिंग असलेली अळी

अंगणातली तगर माझ्या हातची. उंचीला माझ्याएवढीच. वर्षावासात विहारात रोज सकाळी वंदना असते, आणि बुद्धमूर्तीपुढची पांढरी फुलं माझ्या झाडाची असतात. एवढा एकच मान मला, आणि नेमका त्यावर त्या अळीचा डोळा.

पाहिली का तुम्ही ती? बोटाएवढी जाड, हिरवीगार. पुढं दोन निळे डोळे, तेही खोटे, नुसते रंगवलेले. शेपटीवर शिंग, पण ते कोणाला टोचत नाही. सगळा देखावा. काम एकच, खायचं. कोवळी पानं संपली की कळ्या.

धाकटी जाऊ म्हणाली, "बाई, फवारा मारून टाका."

"सकाळी पंचशील म्हनाचं आन् दुपारी जीव घ्याचा?"

"मंग कुंपणाच्या कण्हेरीवर नेऊन ठेवा. कण्हेर तं बकरीबी खात नाई. आपोआप मरतीन."

"वा. शील आपलं आन् पाप कण्हेरीचं."

तरी तिनं सुपात भरून नेल्याच. अळ्या कण्हेरीवर पंगतीला बसल्यासारख्या तुटून पडल्या.

तगरीवर राहिलेल्या खाऊन खाऊन फुगल्या, काळपट पडल्या, खाली उतरल्या आणि पालापाचोळ्यात कोष करून झोपल्या. तगर नागडी. मी विहारात नुसती मेणबत्ती घेऊन जायची. मूर्तीपुढं दुसरीचा झेंडू. मला बघवेना.

तगरीला नवी पालवी फुटत होती, तेव्हा एका संध्याकाळी भिंतीवर कोषातून निघालेलं पाखरू दिसलं. हिरव्या-गुलाबी मखमलीचं, विमानासारखे पंख. नात मोबाईल घेऊन धावली.

"आजी, किती सुंदर हाय वो."

"काऊन नाई राहणार? माह्या झाडाची पानं खाऊन त्याच रंगाचं लुगडं नेसलं थे."

अंधारलं तसं ते उठलं आणि थेट तगरीकडं. एकेका कोवळ्या पानाखाली एकेक हिरवं अंडं ठेवायचा बेत. मी पलंगावरची मच्छरदाणी काढली आणि झाडावर घातली.

जाऊ हसली, "बाई, झाडाले मच्छर चावून राह्यले का?"

"हसून घे. मंग फुलं मागाले येऊ नको."

पाखरू रोज यायचं, जाळीवर धडका द्यायचं. फिर म्हटलं, फिर. मला मच्छरांनी फोडून काढलं ते वेगळं.

वर्षावास संपायच्या दिवशी, आश्विन पौर्णिमेला, मच्छरदाणी वर करून ताटभर फुलं तोडली. पाखरू भिंतीलाच चिकटलेलं होतं. मी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, ताट घेऊन निघाले.