चांद्याची जागा

हरण्या जागचा हलेना.

पालमजवळच्या एका शेतात आम्ही त्याच्याभोवती उभे होतो. जमिनीला वापसा आला होता, म्हणजे माती ओली पण पायाला न चिकटणारी. पेरायचं तर आत्ताच. कडक ऊन पडलं की संधी गेली. हरण्याच्या मागे आमची चकचकीत दुफण, म्हणजे दोन ओळी एकदम पेरायचं अवजार. निवृत्तीकाकांनी त्याला चुचकारलं, पाठीवर थाप मारली, शेवटी हातसुद्धा जोडले. बैल दोन पावलं टाकायचा, डावीकडे मान वळवून बघायचा आणि थांबायचा.

"सायेब, अवजार जड तर झालं न्हाई ना?" काकांनी भीत भीत विचारलं.

मला रागच आला. मी दुफण एका हाताने उचलून दाखवली. वजन कमी करण्याशिवाय आम्ही आयुष्यात दुसरं काही केलंच नव्हतं!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठाच्या वर्कशॉपमागे पत्र्याच्या दोन खोल्यांत आमचं हलक्या धातूंचं संशोधन केंद्र होतं. बोर्ड खोल्यांपेक्षा मोठा होता. संचालक सबनीस सर, मी मेटलर्जीचा नवा इंजिनियर, आणि भट्टी सांभाळणारे रहीमभाई मोल्डर, एवढाच स्टाफ. निव्वळ ॲल्युमिनियम मऊ, डब्यासारखं चेपतं. त्यात थोडं सिलिकॉन, थोडं मॅग्नेशियम घातलं की ते ताठ होतं आणि हलकंही राहतं. अशा मिश्र धातूला अलॉय म्हणतात. आमच्या अलॉयची दुफण बाभळीच्या दुफणीपेक्षा इतकी हलकी झाली की एका बैलाने पेरणी होईल असं सरांनी जाहीर केलं. प्रकल्पाचं नावच पडलं, 'एकबैली दुफण'.

निवृत्तीकाकांना ती हवी होती, कारण त्यांच्या दोन बैलांपैकी चांद्याचा खांदा आला होता. जुवाने मान घासून घासून सुजते, त्याला खांदेसूज म्हणतात. चांद्या चालायचा, खायचा, पण मानेवर भार घेऊ शकत नव्हता. दुसरा बैल आणायचा तर चांद्याला विकून आणावा लागणार. खांदा आलेला बैल बाजारातून कोण घेऊन जातं, हे गावात कोणी बोलून दाखवत नाही.

"एकट्या हरण्यावर पेरणी झाली तर चांद्या दावणीला ऱ्हाईल," काका पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "न्हाई झाली तर सोमवारच्या बाजाराला न्यावं लागंल." एवढं बोलून ते उगाच कासऱ्याची गाठ सोडत-बांधत बसले.

आणि आता हरण्या हलत नव्हता.

चाड्यावर मूठ धरायला, म्हणजे वाटीतून बी सोडायला, काकांची बायको गयाबाई उभ्या होत्या. उभं राहून त्या कंटाळल्या. "तुमचं चालू द्या. चांद्या सकाळधरनं उपाशी हाय," म्हणाल्या आणि गोठ्यातून चांद्याला सोडून बांधावर चरायला घेऊन निघाल्या.

चांद्या दिसला मात्र, हरण्याने मान वर केली आणि तो चालायला लागला. नुसता चालला नाही, दुफणीसकट थेट बांधाकडे निघाला. काका मागून ओढले गेले, त्यांचं मुंडासं सुटलं. चांद्याच्या उजव्या अंगाला जाऊन हरण्या उभा राहिला, तेव्हा कुठे त्याचा जीव शांत झाला.

"आगं बया! त्याला जोडीदार पायजे," गयाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"माज्या बी ध्यानात आलं न्हाई," काका म्हणाले. "ह्याला एकटं कधी जुपलंच न्हाई मी."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यापीठाच्या फार्मवर आम्ही चाचणी घेतली होती ती पाण्याच्या गाडीच्या बैलावर. तो जन्मभर एकटाच गाडी ओढत आलेला! तो मुकाट चालला, आम्ही टाळ्या वाजवल्या. माझे वडील पाथरीला शिक्षक. घरी शेत नाही. बैल म्हणजे रस्त्यात आडवा बसणारा प्राणी, एवढीच माझी ओळख. सर तर पुण्याचे. धातूची परीक्षा आम्ही दहा प्रकारांनी घेतली, बैलाला कोणी काही विचारलंच नाही.

चांद्याला दोरीने शेजारून चालवून पाहिलं. पण तो मोकळा. घडीत पुढे जायचा, घडीत पेरलेल्यावर पाय द्यायचा, आणि तो वळला की हरण्याही वळायचा. शिवाय गयाबाईंनी दोरी धरायची की मूठ? दोन ओळी पेरल्या, त्या नागमोडी. आम्ही थांबलो.

सरांना सांगितलं तर ते वैतागले. दोन दिवसांनी प्रकल्पाला पैसे देणारे पाहुणे मुंबईहून यायचे होते.

"पाण्याच्या गाडीचा बैल तिकडे न्या."

"सर, पाहुणे गेल्यावर काकांनी काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतःच जीपमध्ये येऊन बसले. शेतात उतरले, टेरिलीनची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाले, "डाव्या बाजूला कोणीतरी हवंय ना? मी चालतो."

निवृत्तीकाका आ वासून बघत राहिले. संचालक साहेब हरण्याच्या डाव्या अंगाला उभे राहिले. हरण्याने वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं, फुस्सकन श्वास सोडला आणि पुन्हा समोर बघत उभा राहिला.

"मी काही पसंत पडलेलो दिसत नाही," सर म्हणाले.

मग ते चांद्याकडे गेले. त्याच्या मानेवरून हात फिरवायला म्हणून त्यांनी हात पुढे केला, तर हात लागायच्या आधीच चांद्याची कातडी थरथरली. सरांनी हात मागे घेतला. त्यांचा चेहरा उतरला. परतताना जीपमध्ये ते एकदम म्हणाले, "जू बनवा. चांद्याला वजन लागणार नाही असं."

ते अवघड नव्हतं. कावड घेणारा माणूस बघा. एकीकडची घागर जड असेल तर तो खांदा त्या बाजूला सरकवतो. जुवाचंही तसंच. दुफणीचा दांडा जुवाच्या मधोमध अडकवला तर ओझं दोन्ही बैलांवर सारखं पडतं. तो हरण्याच्या मानेजवळ सरकवला की ओढ जवळपास सगळी हरण्यावर जाते. दुफण हलकी, त्यामुळे त्याला ती झेपत होतीच. चांद्याच्या मानेवर राहणार फक्त जुवाच्या टोकाचं वजन. लाकडाचं लांब जू तेवढंही त्याला सोसलं नसतं. आमच्या अलॉयच्या पाइपचं सोसण्यासारखं होतं.

चांद्याच्या मानेवर बसणारा तुकडा रहीमभाईंनी रातोरात वेगळा ओतला. त्यासाठी त्यांनी मऊ माती मळून नेली आणि चांद्याच्या मानेचा ठसा घेतला. माती लावताना ते सारखे पुटपुटत होते, "बस बेटा, झालं, झालं." चांद्या डोळे मिटून उभा. सूज होती तिथे तुकडा खोलगट ठेवला, म्हणजे धातू तिथे टेकणारच नाही. गयाबाईंनी जुन्या लुगड्याची गादी शिवली आणि आतून बांधली.

पाहुणे आले त्याच सकाळी आम्ही ते जू चढवलं. चांद्या आधी बिचकला. मान आत गेल्यावर त्याने कान हलवले, आणि दुखत नाही असं बघून उभा राहिला. हरण्याने डावीकडे पाहिलं. जागेवर जोडीदार होता. काकांनी "हं" म्हणायच्या आत दोघे निघाले. गयाबाईंची मूठ चालू झाली. ओळ सरळ पडत गेली.

पाहुणे कागद चाळत होते. "सबनीस, प्रकल्पाचं नाव एकबैली दुफण आहे ना?"

"हो."

"मग तो दुसरा बैल काय करतोय?"

"सोबत," सर म्हणाले.

पाहुण्यांना ते पटलं नाही. एकबैली दुफण पुढे कोणी काढली नाही, आणि आमच्या केंद्राला नवा प्रकल्पही लवकर मिळाला नाही. सरांना त्याचं वाईट वाटलं असणार, पण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. काकांची पेरणी मात्र वापसा असतानाच झाली. सोमवारी चांद्या गोठ्यात होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काकांनी आम्हाला तिघांना बोलावलं. त्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद आणि लोणी लावून मळायचे. काकांनी आधी हरण्याचे मळले. मग ते चांद्यापाशी गेले आणि थबकले. सूज पुष्कळ उतरली होती, पण हात लावायचा त्यांना धीर होईना.

चांद्यानेच मान खाली घातली आणि काकांच्या छातीला टेकवली.

काका मळत राहिले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून गयाबाईंनी पदराने पुसले. मग काकांनी बैलांना रीतीप्रमाणे आमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आणि वळून म्हणाले, "सायेब, तुमी बी या. सबनीस सायबांना हरण्याच्या डाव्या अंगाला पाट मांडतो."

सर इतके मोठ्याने हसले की दोन्ही बैल दचकले.

पुढे मी बरीच वर्षं हलक्या धातूंवर काम केलं. नव्या इंजिनियरांना मी एक गोष्ट सांगतो आणि ती कुठल्या तक्त्यात सापडत नाही. ओझं हलकं करायला निघालात तर ते कोण वाहतं एवढंच बघून परत येऊ नका. कोणाच्या शेजारी चालत वाहतं, तेही बघून या.